सॉफ्टवेअरचा तलाठी

तलाठी पहिल्यांदा मुलगी बघायला गेला, तेव्हा मुलीच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "पॅकेज किती?"

"तेवीस," तो म्हणाला.

वडील खुलले. पोहे आले, मागोमाग नारळाच्या वड्या आल्या. बैठक जमली असं वाटून हा पुढे म्हणाला, "त्यातली चार अनाथ होती. मी दत्तक घेतली."

वड्यांची बशी परत आत गेली.

खरं तर तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. दिवसाच्या नोकरीत त्याला पगार मिळतो आणि तो बरा आहे. पण 'पॅकेज' म्हटलं की त्याला पगार आठवत नाही. रात्री जेवणं झाल्यावर डेबियन नावाच्या लिनक्ससाठी तो जे फुकट काम करतो, ते आठवतं. जगात कुठे तरी कुणी तरी एक प्रोग्राम लिहितो आणि सगळ्यांसाठी मोकळा सोडतो. हा तो उचलतो, निवडतो, पाखडतो आणि असा बांधून देतो की कुणीही एका आज्ञेसरशी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा. त्या पुडक्याला पॅकेज म्हणतात. ज्याचा सांभाळणारा सोडून गेला ते पॅकेज तिथे अधिकृतपणे 'अनाथ' ठरतं, आणि पुढे येणारा ते 'दत्तक' घेतो. हे सगळं त्यानं मुलीच्या वडिलांना जिन्यापर्यंत सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की 1993 साली इयान मर्डॉकनं हे काम सुरू केलं, तेव्हा आपल्या आणि आपल्या डेब्राच्या नावाची सांधी करून डेबियन हे नाव ठेवलं. म्हणजे या धंद्यातल्या माणसांचं निदान नावापुरतं तरी लग्न झालेलं आहे. वडिलांनी लिफ्टचं बटण दाबलं.

तलाठी हे नाव मी ठेवलेलं. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, मला काका म्हणतो. एकदा त्यानं लॅपटॉपवर आपल्या कामाचा नमुना दाखवला. जून 2023 मध्ये डेबियनची बारावी आवृत्ती निघाली, तिच्यात 64,419 पॅकेजं होती, आणि प्रत्येक पॅकेजबरोबर 'कॉपीराइट' नावाची एक फाइल यावीच लागते. आतली कोणती फाइल कुणी लिहिली, कोणत्या साली लिहिली, कोणत्या अटीवर दिली, सगळं ओळीनं. मूळ मालक, सहहिस्सेदार, मध्येच कुणाचा तरी बोजा. मला आमच्या गावची जमीन आठवली. म्हटलं, "अरे, हा तर सातबारा!" शेजारी 'चेंजलॉग' होता: कोणत्या तारखेला काय बदललं, कुणी बदललं, कुणाच्या तक्रारीवरून बदललं. तो फेरफार. त्या दिवसापासून तो तलाठी झाला. फरक इतकाच की हा तलाठी सज्जावर हमखास सापडतो.

'मी सहमत आहे' या चौकटीवर टिचकी मारण्याआधी वरचा सगळा मजकूर वाचणारा माणूस मी तरी हा एकच पाहिला. वीज बिलाची मागची बाजू तो वाचतो. गणपतीत सोसायटीनं आरत्यांची पुस्तिका वाटली, तेव्हा सगळे घालीन लोटांगणला आले होते आणि हा पुस्तिका उलटीपालटी करून विचारत होता, "आरती जुनी आहे, ठीक. पण ही टाइप कुणी केली? मूळ फाइल कुठाय?"

'मूळ कुठाय?' हे त्याचं पालुपद. व्हॉट्सअ‍ॅपवर सुविचार आला तरी हेच. त्यामुळे सोसायटीच्या गटावर आता सुविचार येत नाहीत. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

अशा माणसाच्या तावडीत मी आपण होऊन सापडलो.

मी एक दिवाळी अंक काढतो. आमचे निम्मे लेखक अजून युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांत लिहून पाठवतात. त्या फॉन्टांची गंमत अशी की प्रत्येक कंपनीनं इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीनं मराठी तुकडे बसवलेले. तो फॉन्ट जवळ नसेल तर अख्खी कथा नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसते. त्यातून पहिली वेलांटी तिथे अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडला ती नंतर हवी. रफार तिथे अक्षरानंतर, युनिकोडला तो आधी हवा. म्हणून मी हौसेनं एक छोटं टूल तयार केलं: इकडून कडबोळं घाला, तिकडून मराठी काढा. आणि एका बेसावध संध्याकाळी तलाठ्याला म्हणालो, "हे तुझ्या डेबियनमध्ये घाल की. फुकटच आहे."

"फुकट आहे की मुक्त आहे?" त्यानं विचारलं आणि खुर्ची पुढे ओढली.

मी अभिमानानं माझी परवान्याची फाइल उघडली. तिच्यात लिहिलं होतं: 'हे सॉफ्टवेअर मराठीच्या सेवेसाठी विनामूल्य आहे. कुणीही वापरावे. व्यापारी उपयोग करू नये. चांगल्या कामासाठीच वापरावे. सुधारणा केल्यास लेखकास कळवावे.' पाच वाक्यं. मला ती सुसंस्कृत वाटत होती. तलाठ्यानं ती आंबा दाबून पाहावा तशी एकेक दाबून पाहिली.

"वापरावे म्हणालात. बदलावे कुठाय? बदललेलं दुसऱ्याला द्यावे कुठाय?"

"ते गृहीतच आहे."

"काका, कॉपीराइटमध्ये गृहीत धरायचं ते उलटं असतं. परवाना नाही म्हणजे परवानगी नाही. नेटवर कोड उघडा पडलाय म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. कुंपण नसलेल्या शेतालाही मालक असतो." मग पुढे: "व्यापारी उपयोग नको म्हणता. म्हणजे तुमच्यासारख्या दुसऱ्या संपादकानं हे वापरायचं नाही. तो अंक विकतो."

"त्याचा अंक कुणी घेत नाही."

"विकायला ठेवणं पुरे."

डेबियननं 1997 साली आपली मार्गदर्शक तत्त्वं ठरवली. पुढल्याच वर्षी त्यांच्यावरूनच 'ओपन सोर्स'ची व्याख्या बेतली गेली. कुठल्याही माणसाला वगळायचं नाही आणि कुठल्याही कामाला वगळायचं नाही, ही त्यातली दोन. म्हणून 'चांगल्या कामासाठी'ही गेलं. मी हरकत घेतली, तेव्हा त्यानं डग्लस क्रॉकफर्डची गोष्ट सांगितली. जेसन हा सगळ्या वेबवर माहिती वाहून नेणारा मसुदा या माणसानं रूढ केला, आणि आपल्या कोडच्या परवान्यात एक ओळ घातली: हे चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. सज्जन माणसाला काय अडचण? पण आयबीएमच्या वकिलाचं पत्र आलं. आम्ही स्वतः वाईट करणार नाही, पण आमची गिऱ्हाइकं काय करतील याची हमी कशी देऊ? क्रॉकफर्डनं मग आयबीएमला, तिच्या गिऱ्हाइकांना, भागीदारांना आणि चेल्याचपाट्यांना वाईट काम करण्याची खास लेखी परवानगी दिली. ही गोष्ट तो स्वतःच व्याख्यानात सांगतो. श्रोते हसतात. डेबियन हसत नाही. ती ओळ असलेला कोड मुख्य भांडारात घेत नाही.

"आणि 'लेखकास कळवावे' यात काय पाप आहे?"

"निर्जन बेटाची परीक्षा," तलाठी म्हणाला. अशी परीक्षा खरोखरच आहे. जहाज फुटून एक माणूस बेटावर अडकलाय. जवळ उन्हावर चालणारा कॉम्प्युटर आहे, नेट नाही. त्यानं प्रोग्राम सुधारला आणि शेजारच्या दुसऱ्या अडकलेल्याला दिला. आता तो लेखकाला कळवणार कसा? म्हणजे सज्जन माणूस केवळ बुडाल्यामुळे गुन्हेगार ठरला.

"अरे, बेटावर मराठी फॉन्ट कोण बदलत बसणार?"

"मुंबई बेटच होती, काका."

शेवटी त्यानं माझ्यापुढे दोन परवाने ठेवले. एमआयटी म्हणजे: न्या, काहीही करा, फक्त माझं नाव पुसू नका आणि बिघडलं तर माझ्या दारात येऊ नका. जीपीएल म्हणजे: न्या, बदला, विकासुद्धा, पण पुढच्याला देताना मूळही द्या आणि तुम्हाला मिळाले तेच हक्क त्यालाही द्या. मी जीपीएल घेतला. 'पुढच्याला मूळही द्या' हे वाचताना तलाठ्याचे डोळे जरा पाणावल्यासारखे वाटले. नंतर कळलं की ती त्याची रात्रीच्या जागरणाची लाली.

परवाना झाला म्हणजे संपलं, असं मला वाटलं. त्यानं फोल्डर उघडलं.

आत एक फॉन्ट होता. तो कंपनीचा, विकतचा. मी चाचणीसाठी ठेवलेला. "हा काढा. रेड हॅटचा लोहित आहे, मुक्त आहे." टूलच्या नावात त्याच कंपनीचं नाव होतं. "हेही काढा." 2006 साली मोझिलानं डेबियनला बजावलं होतं की फायरफॉक्स हे नाव लावायचं तर आमचं बोधचिन्ह लावा आणि तुमचे बदल आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या. बोधचिन्ह मुक्त नव्हतं. मग डेबियननं तोच ब्राउझर 'आइसवीझल' असं बारसं करून वाटला, पार 2016 साली समेट होईपर्यंत. दहा वर्षं लोक विचारत होते, फायरफॉक्स कुठे गेला? तो तिथेच होता, फक्त नाव टाकलेल्या सुनेसारखा वेगळ्या नावानं नांदत होता.

चाचणीचा मजकूर म्हणून मी आमच्या अंकातली एक कथा घातली होती. लेखक हयात, खडखडीत. "त्यांची परवानगी?" मी गप्प. तलाठी बोटांवर हिशेब करू लागला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, तोही पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायचा. साने गुरुजी गेले 1950 साली. म्हणजे 2010 च्या अखेरीपर्यंत हक्क, 1 जानेवारी 2011 पासून सगळ्यांचं. "'श्यामची आई' घाला. फक्त छापील पुस्तकावरून स्वतः टाइप करा. कुणाची फाइल उचलू नका." त्या आठवड्यात मी बऱ्याच वर्षांनी 'श्यामची आई' वाचलं. डोळे पुसत पुसत टाइप केलं. परवान्याच्या कामाचा हा लाभ कुठल्या तत्त्वात लिहिलेला नाही.

मग त्याला सापडली एक जावास्क्रिप्टची फाइल, नावात 'मिन' असलेली. मी ती कुठून तरी उतरवून घेतली होती. अख्खी फाइल एका ओळीत, मोकळी जागा नाही, नावं सगळी ए, बी, सी. "हा सोर्स नाही," तो म्हणाला.

"नाही कसा? वाचता येतोय की."

"वाचून दाखवा."

माझी बायको मराठीची निवृत्त शिक्षिका. ती तेव्हा चकल्यांची भाजणी डब्यात भरत होती. तलाठी तिच्याकडे वळला. "काकू, हे पीठ मला दिलंत आणि म्हणालात, यातले धने जरा कमी कर. जमेल?"

"दळल्यावर कसं जमेल? प्रमाण बघायला हवं. तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडीद किती."

"ते प्रमाण म्हणजे सोर्स. हे पीठ म्हणजे काकांची फाइल." जीपीएलमधली व्याख्याही तीच आहे, तो म्हणाला: बदल करायचा झाला तर करणारा माणूस ज्या रूपावर हात ठेवील, ते रूप म्हणजे मूळ. पीठ खाता येतं, तळता येतं, शेजारी देता येतं. सुधारता मात्र येत नाही.

मी वीस वर्षं कॉम्प्युटर वापरतोय. सोर्स कोड म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पिठाच्या डब्यापाशी कळलं.

राहिला तो मूळ तक्ता: कोणतं इंग्रजी अक्षर म्हणजे कोणता मराठी तुकडा. तो मला एका डीटीपीवाल्यानं दिला होता. त्याला कुणी दिला? त्याच्या आधीच्या मालकानं. त्याला? "सगळ्यांकडे असतो," असं डीटीपीवाला फोनवर म्हणाला. तलाठ्याच्या मते यावर कोर्टात भांडता येईल, कारण नुसत्या वस्तुस्थितीवर कुणाचा हक्क नसतो. "पण 'भांडता येईल'वर मी सही करत नाही." तक्ता नव्यानं करायचा ठरलं. मी दोन संध्याकाळी केला आणि कंटाळलो. पुढच्या बारा संध्याकाळी बायकोनं केला, छापील पानावर भिंग धरून, एकेक तुकडा पाहत. रफाराच्या तीन जागा मी चुकवल्या होत्या; त्या तिनं लाल पेननं दुरुस्त केल्या आणि समासात 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला.

आता पॅकेज डेबियनच्या 'न्यू' नावाच्या रांगेत लागलं. तिथे एफटीपी मास्टर म्हणवणारे मोजके स्वयंसेवक प्रत्येक नवं पॅकेज हातानं उघडून कागद तपासतात. रांग सरकारी गतीनं सरकते. तलाठी त्याबद्दल तक्रार करत नाही, उलट तिच्याविषयी आदरानं बोलतो. आमचं पॅकेज पहिल्या फेरीत परत आलं. एका फायलीच्या डोक्यावर माझ्या भाच्याचं नाव होतं. कॉलेजात असताना त्यानं ती लिहून दिली होती. सातबाऱ्यावर त्याची नोंद नव्हती. भाचा आता परदेशात. त्याला परवानगी विचारली तर त्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. पूर्वी खरेदीखतावर अंगठा चालायचा, तलाठ्याला चालेना. त्याला पूर्ण वाक्यात, नाव आणि परवान्याच्या उल्लेखासह ईमेल हवी होती.

अशात 2024 ची रंगपंचमी आली. 30 मार्चची सकाळ. खाली पोरं पिचकाऱ्या घेऊन नाचत होती आणि तलाठी आमच्या दारात उभा. रात्रभर झोपलेला नव्हता. मी चहा ठेवला.

आदल्या रात्री बातमी फुटली होती. एक्सझेड हे फायली दाबून लहान करायचं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. कुणी एक जण दोनेक वर्षं सालसपणे मदत करत करत त्याचा सहकारी सांभाळकर्ता झाला आणि त्यानं नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. खरा ऐवज चाचणीच्या फायलींत गुंडाळून ठेवलेला. चाचणीच्या फायली मुद्दाम बिघडलेल्याच असतात, म्हणून तिकडे कोण बघतो? आणि तो उलगडणारी कळ सार्वजनिक भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रकाशनाच्या गठ्ठ्यात होती, जो गठ्ठा पॅकेजवाले उचलतात. आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपल्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यानं तो अर्धा सेकंद सोडला नाही, म्हणून हे उघडकीस आलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलं नव्हतं; चाचणीच्या आवृत्तीत मात्र शिरलं होतं.

"आणि त्याची कॉपीराइट फाइल?" मी विचारलं.

"ठीकठाक होती." तो कपाकडे बघत म्हणाला. "सातबारा स्वच्छ. विहिरीत विष. काका, पंधरा वर्षं मी जगाला विचारतोय, मूळ कुठाय. आणि स्वतः गठ्ठाच उचलत आलो. गठ्ठा आणि दप्तर जुळतंय का, हे किती वेळा पाहिलं?"

एक्सझेड त्याचं पॅकेज नव्हतं. तरी गावातल्या एका घरी चोरी झाली की अख्ख्या आळीनं कुलपं तपासावीत, तसं त्यानं पुढचे दोन महिने आपली तेवीसच्या तेवीस पॅकेजं उघडून गठ्ठ्याशी भांडार ताडून पाहिलं. चोविसावं माझं. "तुमचं भांडार कुठाय?" मी चार फोल्डरं दाखवली: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' आणि 'फायनल हेच घ्या'. त्यानं डोळे मिटले. त्या रात्री माझ्या टूलला पहिल्यांदा रीतसर दप्तर मिळालं.

मध्ये कधी तरी भाच्याची पूर्ण वाक्यातली ईमेल आली आणि एका सकाळी 'स्वीकृत' असा निरोपही आला. आवृत्तीच्या आकड्यापुढे 'प्लस डीएफएसजी' अशी शेपटी लागलेली होती. तत्त्वांत न बसणाऱ्या गोष्टी आम्ही यातून काढल्या आहेत, याची ती जाहीर कबुली. तलाठ्यानं उताऱ्याची छापील प्रत आणून दिली. माझ्या नावावर एकूण नऊ फायली. भाच्याच्या नावावर एक. आणि डेटा हे अख्खं फोल्डर बायकोच्या नावावर. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर आजतागायत एकाही सुनेचं नाव लागलेलं नाही. हिचं लागलं, तेही मला न विचारता.

ती प्रत आता फ्रिजवर चिकटवलेली आहे. परवा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी भाजणीचं प्रमाण मागायला आल्या, तेव्हा बायकोनं ते एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली अटी घातल्या. पुढे कुणाला दिलंत तर माझं नाव सांगायचं. पीठ दिलंत तर प्रमाणही द्यायचं. आणि प्रमाणात काही बदल केलात, तर त्याच्या चकल्या मला आणून दाखवायच्या.

तलाठी तिथेच बसला होता. पहिल्या दोन अटींना त्यानं मान डोलावली. तिसऱ्या अटीला त्याचा चेहरा पडला. "काकू," तो अवघडून म्हणाला, "हे निर्जन बेटाच्या परीक्षेत बसत नाही."

"न बसू दे," बायको म्हणाली. "बेटावर तळणीला तेल कुठून आणणार आहे तो?"

तलाठी विचारात पडला. नेहमीप्रमाणे रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: 'नारळाचं.'